भिंतीपलीकडचं फोल्डर

आमचे घरमालक स्वतःच्याच घराचं दार वाजवून आत जायचे. घरात दुसरं कोणी नाही, लग्न केलेलं नाही, कुत्रं-मांजर पाळलेलं नाही, कुलूप स्वतःच्या हातानं लावून गेलेले. तरी बाजारातून आले की पिशवी पायरीवर ठेवायची, कडी वाजवायची, जरा थांबायचं आणि मग किल्ली काढायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचं काही खरं नाही. थोडे दिवस मी गप्प राहिले, मग विचारलंच.

"काका, आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग वाजवता काहून?"

"विचारून जावं बेटा. विचारून गेलं की कोणाला राग येत नाही."

आता रिकाम्या घराला कसला आलाय राग! पण त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. ते इतक्या गंभीरपणे ऐकून घेत की आपलंच बोलणं आपल्याला पोरकट वाटायला लागे.

मी तेव्हा जवळच्याच कुंडमहून बदली होऊन जबलपूरला आले होते. ऑफिस सिविल लाइंसला आणि खोली घमापुरात, काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मी मराठी आहे कळल्यावर ते म्हणाले, "अच्छा, आपल्यातल्या आहात. मग चौकशी जरा कमी करतो." आणि मग दुपारभर चौकशी केली. कटनीला माझे वडील काय करतात, ऑफिसातून किती वाजता येणार, भेटायला कोण येतं, येणारा थांबतो किती वेळ. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, खोली द्यायची तर द्या, नाही तर मी चालले." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मंजूर." हा त्यांचा आवडता शब्द. गच्चीवर पापड वाळत घालू का? मंजूर. गॅसवाल्याला फाटक उघडू का? मंजूर. विचारलं नाही तर मात्र दिवसभर तोंड उतरलेलं.

जन्म गेला होता ना फाटकावर. तोफगोळ्यांच्या कारखान्यात सिक्युरिटीला होते. आत जाणाऱ्याला तपासायचं, बाहेर येणाऱ्याला तपासायचं, आणि ड्यूटी संपली की स्वतः हात वर करून दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. रिटायर झाले तरी अंगातून ते गेलं नाही. एकदा मी त्यांना चपला घ्यायला मॉलमध्ये घेऊन गेले. दारावरच्या पोराने यंत्र फिरवल्यासारखं केलं आणि "जाइए अंकल" म्हणाला. काका हलेनात. हात वरच. मागे माणसं खोळंबली. "भैया, पीछे से नहीं देखा आपने," काका म्हणाले, आणि पाठ फिरवून उभे राहिले. त्या पोराला पूर्ण तपासणी करावी लागली. आत आल्यावर मी म्हटलं, "काका, लाज आणलीत." ते म्हणाले, "काहून? त्याचं काम त्याला नीट करू द्यावं." चपला घेतल्याच नाहीत, पण स्वारी खुशीत परतली.

राहायला गेल्यावर आणखी एका गोष्टीने मला छळलं. सकाळी आंघोळीला निघावं तर शेजारच्या घरातून एक म्हातारी ओरडायला लागायची. "अरे मेल्यांनो, ती परात ठेवा खाली! दूध उतू जाऊन राहिलं, कोणी बघतं का?" खणखणीत आवाज. मधूनच पोरांचं खिदळणं. कधी ती म्हातारी भूपाळी म्हणायची आणि मध्येच थांबून कोणाला तरी "बस खाली" म्हणायची. शेजारचं घर आणि आमचं घर म्हणजे एकाच सिमेंटच्या घराचे दोन भाग, मधली भिंत एक. मला बिचाऱ्या शेजारणीची कीव यायची. अशी सासू नशिबी!

त्या शेजारीणबाई, मी त्यांना काकू म्हणायचे, एकदा गच्चीवर भेटल्या. मी म्हटलं, "तुमच्या सासूबाईंचा आवाज मात्र कमाल आहे हं, या वयात."

काकू आधी माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग पोट धरून हसल्या. "अगं, त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. टेपमधल्या आहेत त्या!"

मग सगळं कळलं. शेजारी राहणारे छोटे काका म्हणजे आमच्या घरमालकांचे सख्खे धाकटे भाऊ. रेल्वेतून रिटायर. मोठे जितके हळू, तितके हे दणदणीत. खोकले तरी गल्लीला कळायचं. आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मुलीच्या लग्नापासून.

काकूंच्या मुलीच्या लग्नात मोठ्या काकांकडे मागच्या फाटकाची जबाबदारी होती, स्वैपाक्यांकडल्या. तिथून बाहेरचं कोणी आत यायला नको, एवढंच. नवरदेवाचे मामा पान खायला म्हणून त्याच फाटकाने बाहेर गेले आणि परत आले तर काकांनी अडवलं. आपण कोण? कोणाकडले? मामा म्हणाले, मी नवरदेवाचा मामा. काका म्हणाले, असाल, नाही कोण म्हणतं, पण ओळखणारा कोणी आणा. मामा संतापले, काका शांत. इकडे मंडपात नवरा-नवरी उभे, भटजी तयार, मामा सापडेना. मंगलाष्टकं अडून राहिली. शेवटी छोटे काका शोधत शोधत मागे गेले आणि तो प्रकार पाहून त्यांचा तोल सुटला. सगळ्या व्याह्यांसमोर ओरडले, "तुम्ही नातेवाईक नाही, चौकीदार आहात! राहा जन्मभर फाटकावरच!"

मोठ्या काकांनी फाटक उघडलं, मामांना हात जोडले आणि तसेच घरी निघून आले. जेवले नाहीत.

"दोघंही चांगले आहेत गं," काकू म्हणाल्या. "पण आधी कोण बोलणार?"

हे कोडं सोडवलं ते लेकीने. सासरी पुण्याला गेली होती, मी यायच्या आधीच्या दिवाळीला आली तेव्हा तिने दोन्ही घरांच्या मध्ये जो झरोका आहे त्यातून एक वायर टाकली. मोठ्या काकांचा कंप्यूटर इकडे, तिचा जुना लॅपटॉप बाबांसाठी तिकडे, आणि काकांच्या कंप्यूटरवर एक फोल्डर दोघांसाठी उघडं. नाव ठेवलं 'घर'. पासवर्ड वगैरे तिनेच बाबांच्या लॅपटॉपमध्ये एकदा भरून ठेवला, परत कोणी विचारू नये म्हणून. काकांना म्हणाली, तुमच्या कॅसेटी यात टाका. बाबांना म्हणाली, इथे दाबलं की लागतं. आणि गेली.

कॅसेटी म्हणजे काकांचा खजिना. पहिल्या पगारात त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला होता आणि घरात जे वाजेल ते भरून ठेवलं होतं. आई रागावतेय, आई भूपाळी म्हणतेय, गणपतीत धाकटा गाणं म्हणता म्हणता विसरतोय, भेडाघाटचा नाववाला यमकं जुळवून संगमरवराची गोष्ट सांगतोय आणि मागे आई म्हणतेय, "पाण्यात हात नका घालू रे." आता ते सगळं ते कंप्यूटरवर उतरवायचे. त्या वेळी दारावर पाटी लागायची, 'रेकॉर्डिंग चालू आहे', आणि मला वर नळ सोडायची बंदी. भांडी तशीच. मी चिडायचे, पण काय करणार!

संध्याकाळी एखादा तुकडा त्या फोल्डरमध्ये जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काका चहाचा कप घेऊन भिंतीजवळ स्टूल ओढून बसायचे. पलीकडून छोटे काका तो लावायचे, अर्थातच पूर्ण आवाजात. इकडे हे डोळे मिटून ऐकायचे. बोलणं नाही, बघणं नाही, पण रोज सकाळी आई दोघांनाही मिळून रागवायची. मी ऑफिसला निघाले की काका जिन्याशी सांगायचे, "आज परत लावून ऐकलं त्याने." त्या दिवशी माझ्या नळाला पूर्ण मोकळीक.

आणि मग एक दिवस भिंत गप्प झाली.

आधी वाटलं, गावाला गेले असतील. पण खोकला ऐकू येत होता. दुसऱ्या सकाळीही काही नाही. काका स्टुलावर बसून राहायचे, चहा निवायचा. त्यांनी मुद्दाम चांगला तुकडा टाकला, धाकट्याच्या मुंजीचा. तरी काही नाही. आठवडा गेला. दारावरची पाटी लागेना, मी नळ सोडला तरी खालून हाक येईना. मला आपलं चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. शनिवारी मी खाली गेले तर काका स्टुलावर चढून झरोक्यातल्या वायरला हात लावून उभे.

"काय करून राहिले काका?"

"काढून टाकतो बेटा. उगाच लटकून राहिली आहे. त्याला माझ्याकडून काही नको असेल. कंटाळला असेल. त्याचीही काही चूक नाही."

"आणि कॅसेटी?"

"कॅसेटींचं काय? मी ऐकल्या आहेत सगळ्या. एकट्याने ऐकण्यासारखं त्यात काही नाही."

हे ते इतकं साधेपणाने म्हणाले की मला रडूच यायला लागलं. मग मला राग आला. मला रडू आलं की राग येतो. "खाली उतरा आधी," मी म्हटलं. "पडला तर मला बघावं लागेल. आणि उद्यापर्यंत त्या वायरला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे." काका मुकाट्याने उतरले. मंजूर म्हणाले नाहीत, पण उतरले.

रविवारी सकाळी मी शेजारी गेले. छोटे काका व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी फोल्डरचं नाव काढताच पेपर आपटला.

"त्यांचं नाव नको काढू! माझी बेइज्जती करून राहिले ते घरबसल्या!"

"अहो पण झालं काय?"

"बघ. तूच बघ." त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि 'घर'वर दाबलं. फोल्डर दिसत होतं, पण उघडेना. मध्येच एक चौकट आली. नाव सांगा, पासवर्ड सांगा. "पाहिलं? मला नाव विचारतात! सख्ख्या भावाला! आधी व्याह्यांना विचारलं, आता मला. आईचा आवाज ऐकायला मी आता ओळखणारा कोणी आणू का?" आवाज मोठा होता, पण डोळे भरलेले. मागे काकू दाराला टेकून उभ्या होत्या.

म्हणजे इकडे छोटे काका समजत होते की भावाने दार लावून घेतलं, आणि तिकडे मोठे काका समजत होते की भाऊ दाराशी यायचा थांबला. माझ्या तर डोक्याला हात लावायची वेळ आली.

मी काही कंप्यूटरची पंडित नाही. ऑफिसात कोणाचा प्रिंटर अडला तर मला हाक मारतात, एवढीच माझी विद्या. पण वायर नीट होती, दोन्ही यंत्रं एकमेकांना दिसत होती, फक्त दार उघडत नव्हतं. मी पुण्याला लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "दिसतंय ना? मग वायरचा काही दोष नाही. मोठ्या काकांनी पासवर्ड बदलला असेल. बाबांच्या लॅपटॉपमध्ये जुनाच भरलेला आहे, तो आता चालत नाही. विचार त्यांना."

मी भिंतीला वळसा घालून परत आमच्याकडे.

"काका, पासवर्ड बदलला का तुम्ही?"

"हो. एक तारखेला." अगदी अभिमानाने. "पेपरात रोज येऊन राहिलं ना, म्हाताऱ्या माणसांना फसवतात म्हणून. फॅक्टरीत दर महिन्याला बदलायचो आम्ही. मी म्हटलं, घरी काहून नको? आता दर एक तारखेला बदलणार."

"पण त्यामुळे छोट्या काकांचं बंद पडलं!"

"ते कसं?" ते गोंधळले. "त्या फोल्डरला मी हातही लावला नाही. मी फक्त माझ्या फाटकाचं कुलूप बदललं."

"अहो, फोल्डर फाटकाच्या आतच आहे ना! त्यांच्याकडे जुनी किल्ली. त्यांना वाटून राहिलं, तुम्ही मुद्दाम अडवलं. नाव विचारतंय ते यंत्र त्यांना. तुमच्याकडून."

काका खुर्चीत बसले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "त्याला परत अडवलं मी?"

"चुकून."

"तेव्हाही चुकूनच होतं बेटा. फाटकावर उभं राहिलं की मला माणसं दिसतच नाहीत. एवढंच येतं मला."

मी म्हटलं, चला, नवा पासवर्ड सांगा, मी पलीकडे जाऊन टाकून येते, मिनिटाचं काम. काका एकदम ताठ झाले. "तुला कसा सांगू? पासवर्ड तिसऱ्याला सांगायचा नसतो."

"मग चिठ्ठीवर लिहून द्या."

"लिहून?" मी जणू शिवी दिली होती.

"मग तुम्ही या आणि तुमच्या हाताने टाका."

"असं कसं? ज्याने आत जायचं त्यानेच टाकायचा. शिवाय पुढच्या एक तारखेला परत बदलणार, तेव्हा?"

आता खरं सांगते, मला दुसरा उपाय माहीत होता. लेकीने फोनवर तोही सांगितला होता. काकांच्या कंप्यूटरवर त्या फोल्डरसाठी छोट्या काकांच्या नावाचं वेगळं खातं करायचं, त्याचा पासवर्ड कधी बदलायची गरज नाही. झालं. कोणी कोणाकडे जायला नको, काही बोलायला नको. तोंडाशी आलं होतं माझ्या. पण मी गप्प बसले. नियम त्यांचे, हट्ट त्यांचा. म्हटलं, होऊ दे.

"मग काका, एकच मार्ग राहिला," मी म्हटलं. "तुम्ही जायचं आणि त्यांना तोंडाने सांगायचं. दर एक तारखेला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठले. धुतलेला सदरा घातला, बटणं वरपर्यंत लावली. आरशासमोर उभे राहिले आणि केसांना पाणी लावलं. शेजारच्या दारापर्यंतचं ते अंतर, पण मला वाटलं, यांना चालवणार नाही. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला आणि पायरीशी आल्यावर सोडला.

शेजारचं दार सताड उघडं होतं. छोटे काका समोरच लॅपटॉप घेऊन बसलेले. भावाला बघून उठले नाहीत, पण चष्मा काढून हातात घेतला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. शेवटी मीच म्हटलं, "पासवर्ड बदलला होता. फॅक्टरीची सवय. तुम्हाला अडवायला नाही. नवा सांगायला आले आहेत."

छोट्या काकांनी भावाकडे पाहिलं. "हे एवढ्यासाठी?"

मोठ्या काकांनी मान हलवली. मग माझ्याकडे आणि काकूंकडे वळून, अतिशय अवघडून म्हणाले, "तुम्ही दोघी जरा बाहेर थांबाल का? नियम आहे."

काकूंनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की कशाला कोण जाणे. आम्ही दोघी स्वैपाकघरात गेलो. काकूंनी चहा ठेवला. बाहेरच्या खोलीतून आधी काहीच ऐकू येईना. मग मोठ्या काकांचं पुटपुटणं. एवढ्या खालच्या आवाजात की शेजारी बसलेल्यालाही कळू नये.

"काय?" छोट्या काकांचा आवाज घरभर घुमला. "ऐकू नाही आलं."

परत पुटपुट.

"अरे असं दारात उभं राहून काय कळणार? जवळ ये."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अजून जवळ ये ना, दादा. इथे बस. हां. आता सांग."

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. पासवर्ड सांगायला असा कितीसा वेळ लागतो! चहा उकळला, आटला, काळा झाला. मी कप घेऊन उठायला लागले तर काकूंनी माझा हात धरला आणि पातेलं उतरवून मोरीत ओतून दिलं.

"सांगू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "मी दुसरा टाकते."